काकवीची चाल

हळूहळू वाहण्यासाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत, पण त्यातला ‘ऊझ’ माझ्या विशेष आवडीचा. जखमेतून लस यावी किंवा भिंतीतून ओल फुटावी, तसं सावकाश, नकळत बाहेर येणं म्हणजे ऊझ. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद नव्हतंच. तेव्हा ‘वोस’ असं एक नाम होतं आणि त्याचा अर्थ होता रस, मग तो झाडाचा असो की फळाचा. कातडी कमावणारे लोक ओकच्या सालीचा अर्क वापरत, त्यालाही पुढे हेच नाव पडलं. चिखलासाठी ‘वासे’ असा आणखी एक वेगळा शब्द होता. उच्चार झिजत झिजत दोघांचं रूप एक झालं, म्हणून समुद्राच्या तळाशी साचलेल्या मऊ गाळालाही इंग्रज आज ‘ऊझ’च म्हणतो. एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला राड, असा या शब्दाचा संसार आहे.

विज्ञानाने मात्र हा शब्द उचलला नाही. त्याने ‘व्हिस्कॉसिटी’ घेतला आणि तो आला थेट बांडगुळावरून. लॅटिनमध्ये ‘व्हिस्कम’ म्हणजे युरोपातल्या झाडांवर वाढणारं एक बांडगूळ. आपल्याकडे आंब्यावर माजतं ते त्याच्या लांबच्या भावकीतलं. बांडगुळाचं पिकलेलं फळ बोटांत दाबून बघा. आतली बी बोटाला अशी धरते की झटकली तरी जात नाही, ओढली तर मागे तार निघते. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी ही फळं खातो. बी चिकटून राहते म्हणून तो फांदीवर अंग घासतो आणि बांडगूळ पुढच्या झाडावर जाऊन पोचतं. रोमन पारध्यांनी याच फळांचा चीक काढून डहाळ्यांना फासला आणि पाखरं धरली. मराठीत अशा चिकाला ‘लासा’ म्हणतात. त्या चिकाचंही नाव व्हिस्कमच, त्यावरून चिकट ते ‘व्हिस्कस’, आणि द्रवाच्या अंगचा जो गुण त्याला वाहताना अडवतो ती ‘व्हिस्कॉसिटी’. मराठी विश्वकोशात हा गुण ‘श्यानता’ या नावाने भेटतो. मी पुढे साधा दाटपणाच म्हणणार आहे. ज्या माणसांकडे तुम्हाला घेऊन जायचं आहे त्यांच्यापुढे श्यानता म्हटलं तर ती चहा पाजतील, पण उत्तर देणार नाहीत.

ही माणसं निपाणीच्या आसपास भेटतात. पुणे-बंगळूर महामार्गाने कागल सोडलं की थोड्याच वेळात कर्नाटकाची पाटी येते, पण रानातला ऊस काही बदलत नाही. दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठाने तो या राज्यातून त्या राज्यात तसाच जातो. निपाणीचं नाव तंबाखूने गाजलं, तरी दसऱ्यानंतर या पट्ट्यात रात्री वारा पडला की गुळाचा वास येतो. साखर कारखाने वाढले तशी गुऱ्हाळं कमी झाली, पण संपली नाहीत. निपाणीकडे गुऱ्हाळ म्हणतात, दक्षिणेला सरकलं की त्याचं आलेमने होतं, आणि गुळाचं बेल्ल. काकवीला शेजारच्या कानडीत काकंबी म्हणतात, त्यामुळे तिला दुभाष्या लागत नाही. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते ठरलेल्या हद्दीपुरतं असतं, पण उसाला ही हद्द कोणी दाखवलेली नाही.

गुऱ्हाळात दाटपणाची अख्खी शाळा भरलेली असते. घाण्यातून रस गळतो तेव्हा त्यात शंभर भागांत साधारण अठरा-वीस भाग साखर असते. एवढ्या साखरेने रस पाण्याच्या जेमतेम दुप्पट दाट होतो. हाताला फरकही कळत नाही. रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं सरकतात आणि काहील तापू लागते. पहिलं काम मळी काढायचं. त्यासाठी रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि ते बुळबुळीत पाणी रसात सोडतात. रस उकळीला आला की भेंडीचा हा बुळा रसातली माती, मेण आणि बारीक काडीकचरा धरून वर येतो. गूळ शिजवणारा गुळव्या ती तपकिरी साय झाऱ्याने काढत राहतो. रस पातळ असतो तोवरच हे जमतं. दाट झाल्यावर घाण वर यायलाही वाट मिळत नाही, म्हणून मळी काढण्यात कुचराई झाली तर पुढे तिला औषध नाही.

मग पाणी उडायला लागतं आणि आकडे पळू लागतात. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांना, शंभरात चाळीस भाग साखर असलेला पाक पाण्याच्या सहापट दाट असतो. साठ भाग साखर झाली की साधारण ५८ पट, आणि सत्तर झाली की जवळजवळ ४८० पट. वीसवरून चाळीसला जाताना तिप्पट फरक पडला होता. पुढे साठवरून सत्तरला, नुसत्या दहा भागांत, आठपट पडतो. कारण साखरेच्या रेणूत दडलेलं आहे. या रेणूला पाणी धरून ठेवणाऱ्या आठ जागा असतात. पाणी मुबलक असतं तोवर प्रत्येक रेणू आपापला गोतावळा घेऊन सुटा हिंडतो. पाणी आटलं की रेणू एकमेकांनाच धरू लागतात आणि एकाला सरकवायला शेजारच्या दहांना हलवावं लागतं.

पण काहिलीकडे बघितलं तर हे आकडे खोटे वाटतात. आधण पुरं व्हायला आलं तरी आतला गूळ कसा खळखळत असतो! गंमत इथेच आहे. काहिलीत दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध चाललेल्या असतात. पाणी उडतं तसा दाटपणा वाढतो आणि ताप चढतो तसा तो उतरतो. उष्णतेने रेणूंची धरपकड सैल होते. साधं पाणीसुद्धा बर्फासारखं गार असताना जेवढं दाट असतं त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकंच दाट ते उकळताना उरतं. म्हणजे गुळव्याला डोळ्यांपुढे जो दाटपणा दिसतो तो खरा नव्हेच. निववायच्या वाफ्यात ओतल्यावर, निवल्यावर, उद्या सकाळी हा गूळ कसा असेल हे त्याला आज, उकळत्या काहिलीकडे बघून सांगायचं असतं.

त्यासाठी त्याच्याकडे पाण्याची एक वाटी असते.

रस आटत आला की काहिलीत फेसाचा डोंगर उठतो. दाट द्रवाचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत, कारण बुडबुड्याच्या भिंतीतला रस खाली ओघळायला वेळ लागतो. तेव्हा गुळव्या चमचाभर तेल शिंपडतो आणि फेस बसतो. नंतर बुडबुड्यांची जात बदलते. आधी ते बारीक आणि घाईचे असतात, मग मोठे आणि आळशी होतात, फुटताना आवाज करतात. फावड्याला लागून आलेला रस आधी थेंबाथेंबाने पडतो, पुढे थेंबामागे शेपटी येते, आणि मग थेंब तुटतच नाही, तार धरते. पाण्याची धार तुटून थेंब होतात ते पृष्ठताणामुळे. तो कुठल्याही धारेला तोडू पाहतो, पण दाटपणा त्याचं काम लांबवतो. लाडवाच्या पाकाची एकतारी-दोनतारी परीक्षा घरोघरी होते, ती याच भांडणाची. इथवर आलेलं आधण उतरवलं तर काकवी मिळते. तेव्हा तापमान १०५ अंशांच्या आगेमागे असतं. गूळ करायचा तर अजून थांबायचं.

“पावणं, कच्चं हाय अजून,” असं म्हणत गुळव्या फावड्यावरचा रस पाण्याच्या वाटीत सोडतो. पहिल्या वेळी रस पाण्यात पसरतो. थोड्या वेळाने तळाशी बसतो पण बोटांत धरला तर चेपतो. आणखी थोड्या वेळाने त्याची गोळी होते, ती वाटीच्या काठावर आपटली की टणटणते. ती टणटणली की आरडाओरडा सुरू होतो, कारण आता उशीर झाला तर आधण करपलंच. चुलवाणातला जाळ ओढतात, काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. पाण्याची वाटी म्हणजे काहिलीची उद्याची सकाळ आहे. चमचाभर गूळ क्षणात निववायचा आणि सगळी काहील निवल्यावर काय होईल ते वाचायचं. कागदावर शिकवलं असतं तर याला प्रयोगशाळा म्हणाले असते.

पुस्तकात गूळ उतरवायचं तापमान ११८ अंश दिलेलं असतं. तापमापी घेऊन निपाणीला गेलात तर या आकड्यापाशी जरा जपून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट उंचावर आहे, आणि निपाणी त्याहून थोडं खाली. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी शंभराच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं, आणि पाकाचंही तसंच. ११८ ची वाट बघत बसलं तर गूळ ठरल्याहून पुढे गेलेला असतो. वाटीतल्या गोळीला ही उंची मोजावी लागत नाही.

दाटपणाच्या या गुणाला पहिलं गणिती रूप दिलं न्यूटनने, १६८७ च्या ‘प्रिन्सिपिआ’मध्ये. त्याला पाक करायचा नव्हता, तत्त्वज्ञ देकार्तचं म्हणणं खोडायचं होतं. देकार्त म्हणे, आकाशात अदृश्य द्रवाचे भोवरे आहेत आणि त्यात ग्रह वाहत फिरतात. न्यूटनने विचारलं की मग द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना अडतात किती? त्याचं उत्तर होतं की थर जेवढ्या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात त्या प्रमाणात. त्याने या अडण्याला व्हिस्कॉसिटी म्हटलं नाही, निसरडेपणाची उणीव म्हटलं. गुळव्याला हा शब्द पटला असता. पुढे दीडशे वर्षांनी जाँ पॉझय नावाच्या फ्रेंच वैद्याला बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे हवं होतं. नळीत रक्त गोठायचं, म्हणून त्याने केसासारख्या काचेच्या नळ्या घेऊन त्यांतून पाणी सोडलं आणि १८४० च्या सुमारास नियम मांडला. नळीची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, चौथाईही होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. जर्मनीत हागेन या अभियंत्याने जवळजवळ त्याच वेळी हेच शोधलं होतं, पण एकक झालं पॉझयच्या नावाचं. खोलीच्या तापमानाला पाण्याचा दाटपणा जवळजवळ एक शतांश पॉइज भरतो. एरंडेलाचा त्याच्या हजारपट.

दाटपणाची कमाल बघायची तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात भरलेलं डांबर आहे. हातोडीने फोडलं तर ते काचेसारखं फुटतं, आणि तरीही वाहतं. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये, नववा २०१४ मध्ये. पाण्याहून ते अब्जावधी पटींनी दाट आहे. वाहणं आणि घट्ट असणं यांत भिंत नाही, फक्त वाट बघण्याचा फरक आहे.

आता मळीकडे वळू. गुऱ्हाळात मळी म्हणजे रसावरची घाण, पण साखर कारखान्यात मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, जाड द्रव. इंग्रजीत तो ‘मोलॅसिस’. हा शब्द पोर्तुगीज ‘मेलासू’वरून आला आणि तो लॅटिनमधल्या मधावरून. गुळाचं इंग्रजी नाव ‘जॅगरी’ तेही पोर्तुगिजांनीच आपल्या किनाऱ्यावरून उचललं, आणि त्याचं मूळ आहे शर्करा. ब्रिटनमध्ये काकवीसारख्या द्रवाला ‘ट्रीकल’ म्हणतात, त्याचं मूळ तर सर्पदंशावरच्या ग्रीक उताऱ्यात. कडू औषध पाकात घालून देता देता पाकानेच औषधाचं नाव पटकावलं.

अमेरिकेत फार सुस्त माणसाला जानेवारीतल्या मळीची उपमा देतात. कडाक्याच्या थंडीत मळी हलायचं नाव घेत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत. तर १५ जानेवारी १९१९ रोजी दुपारी बॉस्टन शहराच्या नॉर्थ एंड भागात मळीची टाकी फुटली. टाकी पन्नास फूट उंच, आत जवळपास ८७ लाख लिटर मळी. तिची पंचवीस फुटांची लाट उठली आणि ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने रस्त्यात घुसली. घरं पायावरून सरकली, उंचावरून जाणाऱ्या रेल्वेचे खांब वाकले, २१ माणसं गेली आणि दीडशेच्या आसपास जखमी झाली.

उपमा चुकली कुठे? उपमा देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बरणी होती. द्रव दाट असला तरी त्याचं ढकलणारं वजन किती आणि अडवणारी चिकटी किती, यावर त्याची चाल ठरते. बरणीत चिकटी जिंकते. पन्नास फुटांच्या टाकीत वजन जिंकतं, कारण मळी पाण्याहून जवळजवळ दीडपट जड. वेग आणि आकारमान एका बाजूला, चिकटी दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्येच मांडून ठेवला होता. त्यात आणखी एक गोष्ट. दोन-तीन दिवसांपूर्वी गरम मुलखातून आलेल्या जहाजातली मळी त्या टाकीत भरली होती, ती बाहेरच्या हवेहून उबदार होती. रस्त्यावर पसरल्यावर हिवाळ्याने तिला गाठलं. संध्याकाळ झाली तशी ती घट्ट झाली आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं अवघड होत गेलं. आधी वेगाने मारलं, मग दाटपणाने धरून ठेवलं.

बेळगाव जिल्ह्यात मळीच्या अशा टाक्या जागोजागी आहेत. कृष्णाकाठच्या उगार खुर्दला १९३९ पासून कारखाना आहे, संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीकडे हालसिद्धनाथ, आणि साखरेचं शिक्षण-संशोधन करणारी निजलिंगप्पा संस्था बेळगाव शहरातच. दाटपणाची खरी किंमत इथे कळते. पॅनमध्ये हवा काढून कमी तापमानाला पाक आटवतात, म्हणजे साखर करपत नाही. दाण्यावर साखर चढायची तर साखरेच्या रेणूला आटलेल्या पाकातून दाण्यापर्यंत चालत यावं लागतं. पाक जितका दाट तितकी ही चाल रखडते. एकदा दाणे काढले की उरलेला पाक पुन्हा आटवतात, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेनंतर उरतो तो इतका चिकट आणि अशुद्ध असतो की त्यातली साखर काढणं परवडत नाही. शंभर किलो मळीत तीसेक किलो साखर असूनही कारखाना तिला हात जोडतो आणि मळी दारूच्या किंवा इथेनॉलच्या भट्टीकडे धाडतो.

आणि ऊस शिळा असला तर हे सगळं आणखी बिघडतं. तोडलेला ऊस गाडीत, फडात, कारखान्याच्या रांगेत पडून राहिला की टोकाशी ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू शिरतात. ते साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा डिंक करतात. डेक्स्ट्रान थोडं असलं तरी रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, दाणे लांबुळके येतात आणि मळीत जाणारी साखर वाढते. ऊस वेळेवर गेला नाही म्हणून शेतकरी वजनात मार खातो हे सगळे जाणतात. डिंकापायी कारखानाही मार खातो, हे गेटवरच्या भांडणात कधी कानावर येत नाही.

गुऱ्हाळाचं दुखणं थोडं वेगळं आहे. ऊस शिळा झाला किंवा आधण आंबट पडलं की साखरेचे तुकडे होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. त्यांना खडा धरणं जमत नाही आणि ते शेजारच्या साखरेलाही धरू देत नाहीत. मग गूळ रवाळ होत नाही, चिकी धरतो. काही घरांना तोच हवा असतो. संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांना आणि शेंगदाण्याच्या चिक्कीला चिकीचा गूळ लागतो, साध्या गुळाची वडी भुसभुशीत होते. पण पेठेत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ठेवायचा असेल तर हीच चिकी घात करते. फ्रुक्टोजला हवेतल्या ओलीची हाव भारी. मिरगाचा पाऊस सुरू झाला, हवा भरली, की रव्याच्या अंगावर आधी घाम येतो. पाणी थोडंसंच, पण मघाचा आकडा आठवा. साखरेच्या दाट टोकाला दहा भाग पाणी वाढलं तर दाटपणा आठपट उतरतो. दगडासारखा गूळ कडेने सैल होतो, गोणपाट भिजतं आणि काळसर ओघळ खाली उतरतो. निपाणीचे व्यापारी याला गूळ पाझरला म्हणतात आणि भाव पाडून मागतात. म्हणून जाणता शेतकरी रवाळ गूळ पावसाळ्यानंतरच्या भावासाठी मागे ठेवतो आणि चिकीचा आधी बाजारात आणतो.